‘आज जुकु आहे’

पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा ‘जुकु’ हा शब्द मला एका ओळीत सांगून झाला होता: शाळा सुटल्यावरचे खासगी वर्ग. मी तो वहीत उतरवला, परीक्षेत एकदा आला, मार्कही मिळाले. पुढे टोकियोत आले, निशि-कासाईला बिऱ्हाड केलं, मुलगा वॉर्डाच्या सरकारी शाळेत जाऊ लागला आणि लक्षात आलं की हा शब्द मला येतच नव्हता. तो गेल्या काही वर्षांत शिकले, बहुतेक वेळा आधी तोंडावर आपटून. जे शिकले ते आठवेल तसं मांडते आहे.

१. आधी ‘ज’ कुठला ते ठरवा

मराठी माणसाचा पाय पहिल्यांदा लिपीतच अडखळतो. देवनागरीत ‘जुकु’ दिसलं की आपण ‘जुना’, ‘जुळे’ यांतला ज उच्चारतो. इथे तो चालत नाही. भेंडी जून होते त्यातला ज नको, जून महिन्यातला हवा. मी पहिलं वर्षभर भेंडीतलाच काढत होते आणि शाळेच्या दारातल्या आया मान हलवून ‘हो हो’ म्हणत होत्या. मुलानंच एक दिवस सांगितलं, “आई, तू काय म्हणतेस ते कुणालाच कळत नाही.”

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. आपल्या नियमानं शेवटचा उकार दीर्घ, म्हणजे ‘जुकू’ लिहायला हवं. पण जपानीत ऱ्हस्व-दीर्घाला फार मान. ‘ओबासान’मधला ‘बा’ जरा लांबवला की मावशीची आजी होते. तेव्हा नियम मोडून मी ऱ्हस्वच लिहिते. तो शेवटचा उ तसाही ओठांवर येता येता विरतो.

२. शिकवणी म्हटलं की आई घाबरते

मुलगा चौथीत असताना आईला फोनवर म्हटलं, “त्याला शिकवणी लावलीय.” पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, “का गं? कच्चा आहे का?”

तिचं चूक नव्हतं. तिच्या लहानपणी शिकवणी लागायची ती गणितात गटांगळ्या खाणाऱ्याला, तीही चारचौघांत न सांगता. माझ्या वेळी तिचा ‘क्लास’ झाला होता आणि दहावीला क्लास नसलेला मुलगाच वर्गात वेगळा दिसायचा. माझी भाची नीटची तयारी करत होती तेव्हा कॉलेज हजेरीपुरतं उरलं होतं, दिवस सगळा क्लासचा. एकाच गोष्टीला आपण पिढीगणिक वेगळं नाव दिलं आणि प्रत्येक नावाला त्या त्या काळाचा वास चिकटला.

जपानीत हे सगळं एका शब्दाच्या पोटात राहतं. मागे पडलेल्या मुलाला हात देणारा तो होशू-जुकु. चांगल्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला जुंपणारा तो शिनगाकु-जुकु. एका मास्तरांपुढे एकदोनच मुलं बसवणारा तो कोबेत्सु. सोरोबान, म्हणजे त्यांचा मणी सरकवण्याचा अबॅकस, शिकवतात तोही जुकु. पोहणं आणि पियानो मात्र जुकुत मोडत नाहीत. का, ते विचारल्यावर मुलाची वर्गशिक्षिका बराच वेळ विचारात पडली आणि हसली. बारावीनंतर विद्यापीठाची परीक्षा हुकलेल्यांचं ठिकाण वेगळं, योबिको. तिथे जाणाऱ्याला रोनिन म्हणतात, धनी गमावलेला सामुराई. बोलताना मात्र कुणी फोड करत नाही. नुसतं ‘जुकु’ म्हणायचं, कोणता ते समोरच्यानं ओळखायचं. इंग्रजीतलं ‘क्रॅम स्कूल’ यातलं कोंबणं तेवढं उचलतं आणि बाकी सगळं सांडून टाकतं.

आईला शेवटी सांगितलं, “क्लास, गं.” ती लगेच निर्धास्त झाली.

३. शब्दाबरोबर त्याचं क्रियापदही घ्या

बाजारात ‘जायचं’ असतं, त्याला ‘इकु’. जुकुला साधारणपणे ‘कायोउ’ लागतं. कायोउ म्हणजे ठरलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणं-येणं. शाळेला, रोजच्या नोकरीला, लांबलेल्या दुखण्यात दवाखान्याला हेच क्रियापद. रक्त अंगातून फिरतं तेही कायोउ आणि दोन माणसांची मनं जुळली तर तीही कायोउ. मला मराठीत याच्या जवळचा शब्द फार दिवस सापडत नव्हता. मग आषाढात आईनं दिंडीचे फोटो पाठवले आणि सापडला: वारी. एकदा पंढरपूरला जाऊन आलेल्याला कुणी वारकरी म्हणत नाही.

४. ‘आज जुकु’च्या पुढे काही विचारत नाहीत

आमच्या इमारतीमागच्या बागेत दुपारी चारच्या सुमारास बेसबॉल चालतो. खेळ रंगात आला असताना एखादा मुलगा मनगटाकडे बघतो, हातमोजा काढतो आणि म्हणतो, “गोमेन, क्यो जुकु.” माफ करा, आज जुकु. वाक्यात क्रियापदसुद्धा नाही. कुणी ‘थांब रे, एकच बॉल’ म्हणत नाही, कुणी रुसत नाही. सगळे ‘ओ’ करतात आणि त्याची जागा दुसरा घेतो.

मी पुण्यातली. आमच्याकडे क्लास बुडवण्यासाठी मित्र असतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला त्या मुलांची कीव आली, दुसऱ्यांदा थोडा राग. नंतर केव्हातरी हेच वाक्य मी स्वतः वापरायला लागले. पालकसभेनंतरच्या चहाला थांबायचं नसेल, शनिवारी कुणाकडे जायचं नसेल, की ‘मुलाचा जुकु आहे’. जपानीत तोंडावर ‘नाही’ म्हणणं अवघड, आणि हा शब्द ते काम इतकं सफाईनं करतो की समोरचा उलट म्हणतो, “दमत असाल.” एकदा ज्या दिवशी जुकु नव्हता त्या दिवशीही म्हटलं. मुलानं रस्त्यात विचारलं, “आई, आज कुठे आहे?” मी त्याला आइस्क्रीम घेऊन दिलं.

५. शब्दाचं खानदान मोठं आहे, जपून भाषांतर करा

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत एका जपानी पाहुण्याचा परिचय भाषांतराला आला होता. त्यात त्यांनी स्वतःला ‘जुकुइन’ म्हटलं होतं. मी बेधडक लिहिलं, ‘हे एका क्लासमध्ये कामाला होते.’ गृहस्थ केइओ विद्यापीठाचे पदवीधर होते. त्या विद्यापीठाच्या संस्थेचं नावच केइओ गिजुकु. तिथले विद्यार्थी जुकुसेइ, पदवीधर जुकुइन, सर्वोच्च प्रमुख जुकुचो. फुकुझावा युकिची यांनी १८५८ मध्ये एदोत डच भाषेचा एक छोटा वर्ग सुरू केला, १८६८ मध्ये त्याला केइओ हे त्या वेळच्या कालखंडाचं नाव दिलं, आणि विद्यापीठ होऊनही ‘जुकु’ काही त्यांनी टाकला नाही. साहेबांनी माझा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. बोलले काही नाहीत.

त्या दिवसापासून या शब्दाची मुळं खणायची खोड लागली. ‘जुकु’चं चित्राक्षर चीनमधून आलं, खाली ‘माती’चं चिन्ह. प्राचीन काळी वाड्याच्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांना तो शब्द होता आणि तिथे मुलांना शिकवत. म्हणजे आपली देवडी. हे वाचलं तेव्हा मला आजोळच्या वाड्याची देवडी आठवली. तिथे पूर्वी कुणी पंतोजी मुलं घेऊन बसत, असं आजी सांगायची.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मुलाला घेऊन ओसाकाला गेले आणि किताहामाच्या काचेच्या इमारतींमध्ये दडलेला तेकिजुकु पाहिला. वैद्य ओगाता कोआन यांनी १८३८ मध्ये सुरू केलेला हा डच विद्येचा जुकु. फुकुझावा १८५५ मध्ये इथेच शिकायला आले. लाकडी घर अजून उभं आहे, ओसाका विद्यापीठ ते सांभाळतं आणि आपलं मूळ तिथेच मानतं. वरच्या मजल्यावर पोरांची मोठी खोली. मधल्या खांबावर तलवारीचे वार आहेत. अभ्यासानं डोकं फिरलं की ही मंडळी खांबावर हात साफ करत. बाजूला एक छोटी खोली आहे, तिथे डच-जपानी शब्दकोश ठेवलेला असे. सगळ्यांत मिळून तो एक. वाचनाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तिथला दिवा विझत नसे.

खरी गंमत मोठ्या खोलीत. प्रत्येकाच्या वाट्याला एक तातामी, म्हणजे एका माणसाची चटई. त्यावरच झोपायचं, त्यावरच वाचायचं. कुठली चटई कुणाची, ते परीक्षेतल्या क्रमांकावर ठरे. वरच्या नंबराचा आधी निवडणार, खिडकीपाशी उजेडात बसणार. शेवटचा जाण्यायेण्याच्या वाटेत, रात्री उठणारे त्याला तुडवून जाणार. मी हे सगळं रंगवून सांगत होते. मुलगा खांबाचे वार मोजत होता. न वळताच म्हणाला, “म्हणजे आमच्यासारखंच.” त्याच्या तेव्हाच्या जुकुत मागच्या चाचणीच्या मार्कांवरून बसायची जागा ठरायची. त्यानं ते मला तोवर सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही की तो कुठे बसतो.

जाता जाता एक. १९८४ पासून चाळीस वर्षं दहा हजार येनच्या नोटेवर हेच फुकुझावा होते. जुलै २०२४ मध्ये ते उतरले, पण त्याच वेळी पाच हजारांच्या नोटेवर त्सुदा उमेको आल्या. त्यांनी १९०० साली मुलींसाठी काढलेल्या शाळेचं नाव जोशी एइगाकु जुकु, म्हणजे मुलींचा इंग्रजीचा जुकु. तेव्हा जुकुवाल्यांचं घरातल्या पाकिटावरचं नियंत्रण कायम आहे. फी मात्र आता बँकेतून परस्पर जाते. कळतं ते महिन्याच्या शेवटी.

६. अडतीसला टाळ्या वाजवू नका

हा धडा सगळ्यात महाग पडला.

पहिला जुकु आम्ही न कळताच शिनगाकु प्रकारचा निवडला होता. स्टेशनसमोर, झगझगीत दिवे, बाहेर कुणाकुणाला कुठल्या शाळा मिळाल्या त्यांची यादी. तिथे खासगी माध्यमिक शाळांच्या परीक्षेची तयारी. टोकियोत ही परीक्षा दर वर्षी १ फेब्रुवारीला सुरू होते, म्हणून जुकुचं नवं वर्षही फेब्रुवारीतच उजाडतं. शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे तिसरीतलं पोर दोन महिने सकाळी तिसरीत आणि संध्याकाळी चौथीत असतं.

पहिल्या मोठ्या चाचणीचा कागद आला. मार्क, आलेख, रंगीत पट्ट्या, आणि एका चौकटीत ठळक अक्षरांत ३८. माझ्या डोक्यात एसएससी बोर्ड. पस्तीसला पास! नवी भाषा, नवी मुलं, पहिलीच परीक्षा, आणि पोरगं तीन मार्क जास्त घेऊन सुटलं. मी त्याला शाबासकी दिली, शिरा केला, आईला फोन केला. तो शिरा खात म्हणाला, “आई, तो हेनसाची आहे.”

हेनसाची म्हणजे मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांची सरासरी ५० धरायची, आणि मुलगा त्यापासून किती दूर आहे ते १० च्या मापानं मोजायचं. सरासरीच्या अगदी बरोबर असेल तर ५०. एक प्रमाण विचलन वर असेल तर ६०. विद्यार्थ्याला कुठली शाळा झेपेल याचा अंदाज बांधायला टोकियोतल्या एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे माप वापरात आणलं. पुढे देशच त्यावर बोलायला लागला. आता शाळांनाही हेनसाची असतो आणि थट्टेत माणसांनाही. मार्कांचा पसारा नेहमीसारखा असेल, तर ३८ म्हणजे शंभरातली साधारण अठ्ठ्याऐंशी मुलं याच्या पुढे. बहुतेक तो दाराजवळच्या बाकावर होता.

रात्री आम्हा दोघांत मोठं भांडण झालं. नवरा म्हणे, एवढ्या पैशात हे? मी म्हणे, भाषा तर येऊ दे त्याला. जुकुतल्या सल्लागार बाईंनी उन्हाळी वर्गाची पत्रिका पुढे सरकवली, त्यानंतर हिवाळी वर्गाची. मुलाचं नाव त्यांनी दोनदा चुकवलं. पुढे एका शेजारणीनं समजावलं की तिथे बसणारी मुलं आधीच निवडक असतात, तिथला ५० म्हणजे बाहेरचा बराच वरचा. हे कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. पाचवीच्या मध्यावर आम्ही तो जुकु सोडला. शिरा मात्र मुलाच्या लक्षात आहे. अजूनही कशात सपाटून आपटला की विचारतो, “आज शिरा?”

७. कुठला, ते विचारू नये

कोथरूडमध्ये पहिल्या भेटीतला तिसरा प्रश्न, “कुठल्या क्लासला घातलंय?” इथे हा प्रश्न पगार विचारल्यासारखा. जुकुचं नाव कळलं की मुलाचा गट, आईवडिलांचा बेत आणि खिसा सगळंच उघडं पडतं. मुलांना एकमेकांचं सारं ठाऊक असतं, दप्तरावरून कळतंच. निळ्या पाठपिशवीवर पांढरा एन दिसला की निचिनोकेन, हे रस्त्यावरचं लहान पोरही सांगेल. आया मात्र ती पिशवी दिसलीच नाही असं वागतात. मलाही आता जमतं.

८. ‘घसरू नकोस’ हे बर्फातही म्हणू नका

जानेवारीच्या शेवटी बर्फ पडून रात्रीतून गोठला होता. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची सहावीतली मुलगी आणि तिची आई. चारच दिवसांनी मुलीची परीक्षा. मी प्रेमानं म्हणाले, “सुबेरानाइदे ने.” घसरू नकोस हं. लिफ्टमधली हवा थिजली.

सुबेरु म्हणजे पाय घसरणं, आणि परीक्षेत नापास होणंही. पडणं, ओचिरु, त्याचंही तेच. परीक्षार्थीच्या घरात त्या महिन्यांत हे दोन शब्द कुणी उच्चारत नाही. पेन्सिल पडली तरी आई दुसरं काहीतरी म्हणते. मला हे पाठ होतं. आपल्याकडे नाही का, दिवा ‘विझवत’ नाहीत, त्याला निरोप देतात. कुंकू ‘संपलं’ म्हणत नाहीत, ‘वाढलं’ म्हणतात. ज्या भाषेत इतकं सांभाळतात, तिच्यात वाढलेल्या बाईनं तरी लक्षात ठेवायला हवं होतं.

संध्याकाळी त्यांच्या दाराला किटकॅटची पिशवी अडकवून आले. जपानीत ते ‘कित्तो कात्सु’च्या जवळ जातं: नक्की जिंकशील. आणि आपली पद्धत म्हणून एका डबीत दही-साखरही दिली, काय करायचं त्याची चिठ्ठी लिहून. त्या मायलेकी आधीच युशिमा तेनजिनच्या देवळात जाऊन लाकडी पाटीवर नवस लिहून आल्या होत्या. तिथला देव म्हणजे ८४५ मध्ये जन्मलेले विद्वान सुगावारा नो मिचिझाने. दरबारी कारस्थानात हद्दपार झाले, ९०३ मध्ये तिकडेच वारले, आणि नंतर लोकांनी त्यांना विद्येचा देव केलं.

मुलगी पास झाली. म्हणून हा प्रसंग मी लिहू शकते आहे. दही-साखरेबद्दल तिनं विचारलं, “ते गोड दही कुठे मिळतं?”

९. डब्याला वास येता कामा नये

आता तो कासाईला जातो. एक स्टेशन पुढे, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा छोटा होशू-जुकु. म्हातारे सेनसेइ, पावसाळ्यात दारात ओल्या छत्र्यांची बादली. जागा मार्कांवर नाही, जो आधी येईल तो खिडकीत बसतो.

सहावीत असताना तिथे रात्री नऊपर्यंत थांबायचा, मधे वीस मिनिटं जेवण. त्या डब्याला जुकुबेन म्हणतात, जुकुचा बेंतो. पहिल्या आठवड्यात मी भरलं वांगं दिलं. डबा तसाच परत आला. बंद खोलीत बारा मुलं जेवतात आणि झाकण उघडताच सगळी माना वळवतात, हे त्यानं चार दिवसांनी सांगितलं. मग मी जपानी चिकट तांदळाचा भात केला, गरम असतानाच मेतकूट आणि चमचाभर तूप कालवलं, ओल्या हातानं त्रिकोणी ओनिगिरी वळली आणि नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात, गुंडाळली. मेतकुटाला हिंगाचा वास असतो, पण नोरीच्या आत तो गप्प बसतो. शेजारच्या मुलानं चावा मागितला आणि हे कुठलं फुरिकाके, कुठे मिळतं, असं विचारलं. भातावर भुरभुरायचं ते फुरिकाके. मुलानं सांगितलं, “आजी पाठवते.” पुढचं पार्सल आलं त्यात मेतकूट दुप्पट होतं.

नवाला पाच-दहा मिनिटं असताना मी निशि-कासाईच्या तिकीट गेटपाशी उभी राहते. लहान मुलांचं कार्ड लागलं की गेट पिल्लासारखं ‘पियोपियो’ करतं, मोठ्यांचं नुसतंच ‘पी’. त्या वेळी गाडी लागली की गेटवर कोंबडीचं खुराडं उघडल्यासारखा आवाज होतो: पियोपियो, पियोपियो, पाठीवर दप्तरं घेतलेली, झोपेला आलेली पोरं एकामागून एक. मी फोनमध्ये बघत असले तरी त्या आवाजाला मान वर करायची. सहावीचं वर्ष संपलं की ३१ मार्चला ते कार्ड बंद होतं.

एप्रिलमध्ये तो माध्यमिक शाळेत गेला. पहिल्या दिवशी मी नेहमीच्या जागी उभी होते. गाडी आली, दोन-तीनदा पियोपियो झालं, मी बघितलं, तो नव्हता. पुढच्या गाडीची वाट बघत फोन काढला. मागून कुणीतरी हातातली पिशवी ओढली. तो केव्हाच बाहेर आला होता.